प्रोफेसर आल्ब्रेख्त कोसेल

लोटे-परशुरामच्या परिसरांत वाढणाऱ्या मुलामुलींस रसायन हा शब्द परका नाहीं. खेडहून चिपळूणकडे येणाऱ्या महामार्गाच्या बाजूस औषधांचे, रंगांचे आणि नाना द्रव्यांचे कारखाने उभे आहेत, आणि येथील कित्येक घरांतील कर्तीं माणसें तेथें पाळीप्रमाणें कामावर जातात. परंतु ह्या साऱ्या कारखान्यांहून नाजूक असें रसायनाचें काम आपणां प्रत्येकाच्या शरीरांत अहोरात्र चाललेलें असतें, आणि तेंहि नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या पेशींच्या पोटांत. पेशीचें हें अंतरंग ज्या थोड्या लोकांनीं प्रथम उघडून पाहिलें, त्यांत जर्मन शास्त्रज्ञ प्रोफेसर आल्ब्रेख्त कोसेल यांचें स्थान फार वरचें आहे. त्यांचें नांव आपल्याकडे फारसें कोणाच्या तोंडीं नाहीं. पण त्यांनीं वेगळे करून दाखविलेले पदार्थ आज जीवशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकांत आहेत. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं वाचावें असें आहे, तें केवळ शोधांसाठीं नव्हे, तर जेवढें कळलें तेवढेंच सांगावयाचें, ह्या त्यांच्या बाण्यासाठीं.

कोसेल यांचा जन्म १६ सप्टेंबर १८५३ रोजीं उत्तर जर्मनींतील रोस्टॉक ह्या बंदराच्या शहरीं झाला. वडिलांचें नांवहि आल्ब्रेख्तच होतें. ते व्यापारी असून प्रशिया राज्याचे वाणिज्यदूत म्हणूनहि काम पाहात. आईचें नांव क्लारा. शाळेंत असल्यापासूनच मुलास वनस्पतींचा आणि रसायनाचा नाद होता. तथापि १८७२ सालीं तो वैद्यक शिकण्यासाठीं स्ट्रासबर्ग येथें गेला. फ्रान्सशीं झालेल्या युद्धानंतर हें शहर जर्मनीकडे आलें होतें आणि तेथें त्याच वर्षीं नवें विद्यापीठ उघडलें होतें. तेथें त्यास एकाहून एक मोठे गुरु लाभले. वनस्पतिशास्त्र शिकविणारे डी बारी, शरीररचना शिकविणारे वाल्डायर, आणि ज्यांनीं पुढें नीळ हा रंग प्रयोगशाळेंत तयार केला ते रसायनशास्त्रज्ञ बायर हे सर्व तेथेंच होते. परंतु तरुण कोसेल यांचें मन ज्यांनीं कायमचें जिंकलें, ते फेलिक्स होप-सायलर. शरीरांतील द्रव्यांचें रसायनशास्त्र हा एक स्वतंत्र विषय आहे, हें जगास पटवून देणाऱ्यांचे ते अग्रणी होते.

ह्या गुरूंच्या प्रयोगशाळेचा एक प्रसंग येथें सांगितला पाहिजे, कारण कोसेल यांच्या आयुष्याची दिशा त्यांतूनच ठरली. होप-सायलर हे पूर्वीं ट्यूबिंगेन येथें असतां त्यांच्याकडे फ्रीड्रिख मीशर नांवाचा एक तरुण स्विस संशोधक काम करीत असे. रुग्णालयांतून आलेल्या, पुवानें भरलेल्या जखमेच्या पट्ट्या धुऊन तो त्यांतील पेशी मिळवी. १८६९ सालीं त्या पेशींच्या मध्यभागीं असलेल्या केंद्रकांतून त्यानें एक अगदीं नवा पदार्थ काढिला. त्यांत फॉस्फरस पुष्कळ होता आणि तो कोणत्याहि माहीत असलेल्या प्रथिनाशीं जुळत नव्हता. मीशरनें त्यास न्यूक्लिन असें नांव दिलें. होप-सायलर यांनीं तो निबंध लगेच छापला नाहीं. त्यांनीं ते प्रयोग स्वतः पुन्हां करून पाहिले, खात्री करून घेतली, आणि मगच १८७१ सालीं तो प्रसिद्ध केला. स्वतः पडताळून पाहिल्याशिवाय कांहींहि पुढें पाठवावयाचें नाहीं, अशी त्या प्रयोगशाळेची शिस्त होती, आणि तीच शिस्त कोसेल यांच्या अंगीं मुरली.

१८७७ सालीं वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन कोसेल डॉक्टर झाले. रोस्टॉकमध्यें दवाखाना घालून ते सुखानें राहूं शकले असते. परंतु ते स्ट्रासबर्गला परत आले आणि होप-सायलर यांचे साहाय्यक झाले. १८७९ सालापासून त्यांनीं न्यूक्लिनचाच प्रश्न हातीं घेतला. हा पदार्थ कशाचा बनला आहे, आणि त्याचे लहानांत लहान घटक कोणते, एवढेंच त्यांस पाहावयाचें होतें. प्रश्न दिसावयास लहान होता, पण त्यानें त्यांचें सारें आयुष्य घेतलें.

१८८३ सालीं ते बर्लिन येथील शरीरक्रियाशास्त्राच्या संस्थेंत रसायन विभागाचे प्रमुख झाले, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचा पहिला मोठा शोध लागला. त्यासाठीं त्यांनीं हंसाचें रक्त निवडलें. हें कां, तें समजून घेण्यासारखें आहे. माणसाच्या रक्तांतील तांबड्या पेशी पक्व झाल्यावर त्यांत केंद्रक उरत नाहीं; पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत मात्र तें कायम असतें. त्यामुळें पक्ष्याचें रक्त म्हणजे केंद्रकांचा आयता सांठाच होय. त्या केंद्रकांवर कोसेल यांनीं सौम्य आम्लाची क्रिया केली, तेव्हां त्यांतून एक प्रथिन सुटून आलें. न्यूक्लिनमधील मुख्य द्रव्य आम्लधर्मी होतें. हें प्रथिन त्याच्या अगदीं उलट, म्हणजे आम्लारिधर्मी होतें. आम्ल आणि आम्लारी एकमेकांस धरून बसतात हें तुम्ही रसायनाच्या वर्गांत शिकलां आहांच. केंद्रकांतहि तसेंच दोघे एकमेकांस धरून बसले होते. ह्या प्रथिनास कोसेल यांनीं हिस्टोन असें नांव दिलें. त्याच सुमारास दुसरे एक जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी पाहात होते. केंद्रकांतील ज्या भागास रंग चटकन् लागतो त्यास त्यांनीं क्रोमॅटिन म्हटलें होतें. फ्लेमिंग यांनीं जें डोळ्यांनीं पाहिलें तें कशाचें बनलें आहे, हें मीशर आणि कोसेल यांनीं रसायनानें उकललें.

मग त्यांनीं न्यूक्लिनमधील आम्लाकडे मोर्चा वळविला. १८८५ सालीं बैलाच्या स्वादुपिंडांतून त्यांनीं ॲडेनीन काढिलें. ग्रीक भाषेंत ग्रंथीस जो शब्द आहे त्यावरून हें नांव पडलें. ग्वानीन हा पदार्थ समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेंतून आधींच माहीत झाला होता. तो ह्या आम्लाचा घटक आहे हें कोसेल यांनीं दाखविलें. त्यानंतर आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनीं वासराच्या थायमस ग्रंथींतून थायमीन आणि सायटोसीन हीं द्रव्यें मिळविलीं. युरॅसिल हें पांचवें द्रव्यहि पुढें त्यांच्याच प्रयोगशाळेंत सांपडलें. ज्या डीएनएचें नांव आज वर्तमानपत्रांतूनहि येतें, त्याच्या चार अक्षरांचा हा संच होय. अक्षरें हातीं आलीं, पण तीं अक्षरें आहेत आणि त्यांनीं कांहीं लिहिलेलें आहे, हें तोंपर्यंत कोणालाहि ठाऊक नव्हतें. कोसेल यांनींहि तसा दावा केला नाहीं. त्यांनीं पदार्थ शुद्ध केला, मोजला, त्याचें सूत्र लिहिलें आणि ते पुढें गेले. मधल्या काळांत, १८८८ सालीं, चहाच्या पानांतून त्यांनीं थिओफायलीन नांवाचें द्रव्य वेगळें केलें. तें पुढें दम्याच्या विकारावर औषध म्हणून वापरांत आलें.

त्यांच्या घरासंबंधीं एक गोष्ट आपणां भारतीयांस विशेष वाटेल. १८८६ सालीं त्यांनीं लुईझा होल्ट्समान यांच्याशीं विवाह केला. लुईझा यांचे वडील आडोल्फ होल्ट्समान हे हायडेलबर्ग विद्यापीठांत जर्मन वाङ्मयाबरोबर संस्कृतहि शिकवीत असत, आणि महाभारतांतील आख्यानें त्यांनीं जर्मन भाषेंत आणिलीं होतीं. कोसेल दांपत्याचा मुलगा वाल्टर पुढें नामांकित पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ झाला. अणू एकमेकांशीं इलेक्ट्रॉनांची देवघेव करून कसे बांधले जातात, ह्याचा त्यानें केलेला विचार आजहि रसायनाच्या वर्गांत शिकविला जातो.

१८९५ सालीं कोसेल मारबुर्ग येथें प्राध्यापक झाले. ह्या काळांत त्यांचें लक्ष माशांकडे गेलें. आपल्या कोंकणांत मादी माशाची गाबोळी आवडीनें खातात. नर माशाच्या पोटांतहि तशाच पांढऱ्या पिशव्या असतात, आणि त्यांत असंख्य शुक्रपेशी भरलेल्या असतात. शुक्रपेशी म्हणजे बहुतेक केंद्रकच. मीशरला ऱ्हाइन नदींतील साल्मन माशांत प्रोटामीन नांवाचें एक साधें प्रथिन मिळालें होतें. कोसेल यांनीं हेरिंग, स्टर्जन इत्यादि माशांतील प्रोटामीनें तपासलीं. हिस्टोनाप्रमाणेंच हींहि आम्लारिधर्मी निघालीं. हा धर्म त्यांत कोठून येतो, ह्याचा माग काढतां काढतां १८९६ सालीं त्यांस हिस्टिडीन हें नवें अमिनो आम्ल सांपडलें. आर्जिनीन, लायसीन आणि हिस्टिडीन हीं तीन अमिनो आम्लें प्रथिनास आम्लारीचा गुण देतात, हें त्यांनीं सिद्ध केलें. ह्यांपैकीं लायसीनचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढच्या कथेंत तें पुन्हां येणार आहे.

१९०१ सालीं ते हायडेलबर्गला गेले आणि शेवटपर्यंत तेथेंच राहिले. १९१० सालीं, प्रथिनें आणि केंद्रकांतील द्रव्यें ह्यांवरील कार्यासाठीं, त्यांस वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु त्यांची खरी परीक्षा पुढेंच होती. १९१३ सालीं पत्नी वारली. पुढच्या वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें. जर्मनींतील ९३ नामवंतांनीं आपल्या सरकारची बाजू घेणारा एक जाहीरनामा सह्या करून जगापुढें मांडला. कोसेल यांचे गुरु बायर आणि वाल्डायर ह्या दोघांच्याहि सह्या त्यावर होत्या. कोसेल यांचें नांव त्यांत नाहीं. सरकारी प्रचाराच्या पत्रकांवर सही करण्याचें त्यांनीं नाकारलें. युद्ध लांबलें, अन्नाची टंचाई झाली, आणि लोकांस शिध्यावर दिवस काढण्याची पाळी आली. तेव्हां, मिळतें तेवढें अन्न शरीरास पुरेसें आहे, असें शरीरशास्त्रज्ञ म्हणून जाहीर करावें, असा त्यांच्यावर दबाव आला. एका नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पंडिताच्या शब्दानें लोकांचें तोंड बंद झालें असतें. कोसेल राजकारणापासून दूर राहणारे गृहस्थ होते; त्यांनीं सभा गाजविल्या नाहींत कीं पत्रकें काढिलीं नाहींत. परंतु जें आपणांस खरें वाटत नाहीं त्यावर आपली मोहोर उठवावयाची नाहीं, एवढें मात्र त्यांनीं पाळलें. तें विधान त्यांनीं शेवटपर्यंत केलें नाहीं.

युद्धानंतर १९२३ सालीं एडिंबरा येथें शरीरक्रियाशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हां तेथें जर्मनीचे प्रतिनिधि म्हणून कोसेल गेले, आणि काल शत्रु असलेल्या देशाच्या विद्यापीठानें त्यांस सन्मान्य पदवी दिली. १९२४ सालीं ते निवृत्त झाले, तरी प्रयोग चालूच होते. ५ जुलै १९२७ रोजीं हायडेलबर्ग येथें हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. प्रोटामीनें आणि हिस्टोनें ह्यांवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मागून १९२८ सालीं प्रसिद्ध झाला.

चरित्र येथें संपलें, पण हिस्टोनाची कथा येथेंच रंगांत येते. १९४४ सालीं न्यूयॉर्क येथें एव्हरी आणि त्यांचे सहकारी यांनीं जंतूंवर प्रयोग केले, आणि आनुवंशिक गुण डीएनएमध्यें असतात असें त्यांतून दिसून आलें. १९५३ सालीं त्याची दुहेरी पिळाची रचना कळली. मग सर्वांच्या नजरा डीएनएकडे वळल्या. हिस्टोनाकडे मात्र माल गुंडाळण्याचें फडकें, ह्यापेक्षां अधिक मोलानें फारसें कोणी पाहात नसे. माणसाच्या एका पेशींतील डीएनए उलगडला तर तो सुमारें २ मीटर लांब भरतो, आणि ज्या केंद्रकांत तो मावतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि कमी असतो. तेव्हां गुंडाळणें तर आलेंच. तें कसें गुंडाळतात, हें १९७४ सालीं रॉजर कोर्नबर्ग यांनीं सांगितलें. आठ हिस्टोनांचें मिळून एक रीळ होतें आणि त्यावर डीएनएच्या धाग्याचे पावणेदोनच्या आसपास वेढे बसतात. अशीं सुमारें ३ कोटी रिळें आपल्या प्रत्येक पेशींत आहेत.

पण खरा प्रश्न निराळाच होता. डोळ्याच्या पेशींत आणि यकृताच्या पेशींत डीएनए एकच आहे. मग एक पाहते आणि दुसरी पित्त तयार करते, हें कसें? येथें जुन्या कचेरींतील दप्तरखाना डोळ्यांपुढें आणावा. तेथें कागद रुमालांत घट्ट बांधून ठेवीत. मूळ कागद कचेरीबाहेर जात नसे. ज्यास हवा त्यास त्याचा उतारा मिळे. परंतु उतारा काढावयाचा तर आधीं त्या रुमालाची गांठ सुटली पाहिजे. पेशींतहि डीएनए केंद्रकाबाहेर जात नाहीं. जनुक म्हणजे त्यांतील एकेक कागद. त्याचा आरएनएच्या रूपानें उतारा निघतो, आणि ह्यासच प्रतिलेखन म्हणतात. हिस्टोन हा रुमाल आहे. कोणत्या रुमालाची गांठ सुटावी आणि कोणत्याची सुटूं नये, ह्यावर ती पेशी डोळ्याची होणार कीं यकृताची, हें पुष्कळसें अवलंबून असतें.

गांठी सोडणारे आणि बांधणारे हे कारकून म्हणजे अनेक प्रथिनांचे संघ आहेत. कोसेल यांनीं ज्या लायसीनचा माग काढला, त्याच्यावर धन प्रभार असतो, आणि डीएनएवर ऋण प्रभार. म्हणून त्यांची पकड घट्ट बसते. १९६४ सालीं ऑलफ्रे, फॉकनर आणि मिर्स्की यांनीं असें दाखविलें कीं, हिस्टोनास ॲसिटिल नांवाचा लहानसा रासायनिक गट चिकटला म्हणजे उतारा काढण्याचें काम वाढतें. हा गट लायसीनचा प्रभार झांकून टाकतो, आणि पकड सैल होते. हें काम पेशींत कोण करतें, हें कळावयास आणखी ३२ वर्षें लागलीं. १९९६ सालीं डेव्हिड ॲलिस आणि त्यांचे सहकारी यांनीं एका सूक्ष्म पाण्यांतील जीवांत तें विकर शोधून काढिलें. आणि यीस्टमधील ज्या प्रथिनामुळें जनुकें जागीं होतात असें आधींच माहीत होतें, त्याचेंच तें भावंड निघालें. त्याच वर्षीं ॲसिटिल काढून घेणारें, म्हणजे गांठ पुन्हां आवळणारें विकरहि सांपडलें. दुसऱ्या एका जातीचे संघ पेशींतील ऊर्जा खर्चून रिळेंच पुढेंमागें सरकवितात. पॉलिकोम्ब म्हणून जो संघ आहे, तो हिस्टोनाच्या ठराविक लायसीनवर मिथिल गटाची खूण करून जनुकांस जणूं मोहोरबंद करतो. फळावरच्या चिलटासारख्या माशीच्या पायांत जो फरक पडला, त्यावरून ह्या जनुकाचा सुगावा १९४७ सालीं प्रथम लागला होता.

हे कारकून चुकले तर काय होतें? पेशीस जें वाचावयास नको तें ती वाचूं लागते, आणि जें वाचावयास हवें तें बंद राहतें. रिळें सरकविणाऱ्या संघाच्या जनुकांतील बिघाड मानवी कर्करोगांपैकीं सुमारें एकपंचमांश रोगांत आढळला आहे. परंतु जो दोष गांठीचा असतो तो कधीं कधीं गांठ सोडून सुधारतां येतो. ॲसिटिल काढून घेणाऱ्या विकरास थोपविणारें व्होरिनोस्टॅट नांवाचें औषध २००६ सालीं अमेरिकेंत त्वचेंत उद्भवणाऱ्या एका विशिष्ट कर्करोगावर मान्य झालें. आपल्या महाराष्ट्रांतहि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेंत आणि पुण्याच्या आयसरमध्यें क्रोमॅटिनवर संशोधन झालें आहे. येथील मुलांनीं जाऊन बसावें, असें तें क्षेत्र आहे.

पालकांनीं आणि विद्यार्थ्यांनीं ह्या चरित्रांतून काय घ्यावें? १८८४ सालीं हंसाच्या रक्तांतून निघालेलें तें प्रथिन कशाच्या उपयोगीं पडतें, असें कोणी कोसेल यांस विचारलें असतें, तर त्यांजपाशीं उत्तर नव्हतें. आणि नसलेलें उत्तर असल्याचें सोंग त्यांनीं आणिलें नाहीं. त्यांच्या मृत्यूनंतर तें उत्तर मिळावयास कित्येक वर्षें गेलीं. ह्या काळांत केंद्रकासंबंधींचे कितीतरी डौलदार तर्क आले आणि गेले; पण कोसेल यांनीं शुद्ध करून बाटलींत भरलेलें द्रव्य जसेंच्या तसें राहिलें, आणि मागून येणाऱ्यांनीं निःशंकपणें त्यावर पुढचें बांधकाम केलें. जो मनुष्य प्रयोगवहींत खोटा आंकडा लिहीत नाहीं, तोच उपाशी लोकांविषयीं सरकारास हवें तसें खोटें बोलण्यास नकार देऊं शकतो. हे दोन निरनिराळे गुण नाहींत. वर्गांतील प्रयोगांत उत्तर पुस्तकाशीं जुळलें नाहीं, म्हणजे आंकडा खोडून पुस्तकांतला लिहिण्याचा मोह सर्वांस होतो. त्या वेळीं आपणांस दिसला तोच आंकडा लिहावा, आणि तो कां आला हें शोधावें.